चौथ्या आऱ्याचा शेंदूर

२ ऑक्टोबर १९५४, जळगाव

ही डायरी ऑफिसच्या रद्दीत सापडली. साल १९५२ चं आहे, पण आतली पानं कोरी. छापलेल्या तारखा खोडून मी नव्या घालतो. लिहायचं कारण एकच. काल दिवसभरात मी बोललेले शब्द मोजले, ते एकवीस भरले. त्यातही तीनदा "हो साहेब".

इथं मी "आहे"ला "शे" म्हटलं की लोक हसतात. आमचं गाव पिंपळनेरच्या पलीकडं, तिथली बोली इकडं चालत नाही. चौथीत शाळा सोडली. धुळ्याला हॉटेलात कपबशा धुतल्या, चाळीसगावला मालधक्क्यावर गोण्या वाहिल्या, चार महिन्यांच्या वर कुठं टिकलो नाही. या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पाच महिने झाले. काम शाफ्टला तेल देण्याचं. टिकलो ते गिरधर नानांमुळं. नाना इथले जुने मिस्त्री, शिंदखेड्याकडचे, माझ्याशी अहिराणीत बोलतात. ते घटाला गावी गेलेत, म्हणून एकवीस शब्द.

खंडेनवमीला शेठचे पाहुणे येणार आहेत. मॅनेजरसाहेब म्हणाले, सगळं, आमच्या बोलीत बठ्ठं, चकचकीत पाहिजे. जिनांच्या खाली लांब बोळ आहे, त्यात शाफ्ट फिरतो, आणि शाफ्टावर छातीएवढी मोठी पुली. इंजिनाचा पट्टा तिच्यावर येतो. तिच्या एका आऱ्यापाशी, काठाच्या आतल्या बाजूला, देवाची जागा म्हणून दर खंडेनवमीला शेंदूर लावतात. तीस वर्षांचा थर, दगडासारखा झालेला, वर काजळी. मारुतीच्या अंगावर चढते तशी खोळच. रॉकेल आणि खुरपी घेऊन दोन दिवस बसलो आणि पार लोखंडापर्यंत काढला. चाक नवरीसारखं दिसतंय. देवाचा शेंदूर कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून डालड्याच्या डब्यात भरून ठेवला. सुट्टी मिळाली की गिरणा नदीत सोडीन.

६ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज एक गोष्ट घडली ती लिहून ठेवतो.

नाना काल आले. सकाळी पूजेला आम्ही खाली उतरलो. त्यांनी चाकाजवळ कंदील धरला आणि तसेच उभे राहिले.

"अभिमन, देवनी खोय कोठे गयी?"

मी सांगणारच होतो. पण त्यांनीच पुढं विचारलं, "सोडी दिनी का? आपसूक?" आणि त्यांचा आवाज असा झाला की मी मान हलवली.

नानांनी टोपी काढली आणि खाली बसले. म्हणाले, "देव खोय सोडस ते जलममा एकदावच देखाले मियस." देव खोळ टाकतो ते जन्मात एकदाच दिसतं म्हणे. डोळे पुसले. आता मध्ये काय बोलायचं?

मग चाक फिरवलं. पट्टे उतरलेले असतात तेव्हा चाकाला हातानं एक फेरा द्यायचा, ही इथली रीत. नाना सांगतात, पूर्वी फेरा दिला की चाक थांबताना देवाची जागा आपोआप वर यायची, तिथं शेंदूर लावायचा. गेली सात-आठ वर्षं ती वर येत नाही, चाक कुठंही थांबतं, हातानं वर आणावी लागते. नाना म्हणतात कलियुग.

आज फेरा दिला. चाक मंद झालं, थोडं मागं आलं, पाळण्यासारखं दोनदा झुललं, आणि थांबलं तेव्हा देवाची जागा बरोबर डोक्यावर.

"देव उना! देव उना रे वर!" नाना इतक्या मोठ्यानं ओरडले की वरच्या बायका धावत खाली आल्या. शेठनी पेढे वाटले. नानांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला.

खरवडलं म्हणून देवाला राग आला असता तर तो वर आला असता का? मग एवढं काय त्यात.

११ ऑक्टोबर

हंगाम सुरू. गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत. जिनावर बसणाऱ्या कमलबाईंनी पाण्याचा तांब्या बाकावर ठेवला, तर तो थरथरत थरथरत कडेपर्यंत आला. त्या म्हणाल्या, "बघा बाई, तांब्यालासुद्धा घरी जायचंय." सगळ्या हसल्या. मीही हसलो. गेल्या हंगामात तांब्या चालत नव्हता म्हणे.

१६ ऑक्टोबर

तांब्या आता कुणी बाकावर ठेवत नाही. नानांनी पान्याचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाला लावून ऐकलं. "गुरगुरस," म्हणाले. सुटीच्या दिवशी त्यांनी दोरी लावून शाफ्टाची लाइन पुन्हा तपासली, मी ओळंबा धरला. लाइन सुतासारखी सरळ. नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "मंग काय व्हई रे?"

२१ ऑक्टोबर

दुपारी धक्क्यानं एक पट्टा उडाला आणि कमलबाईंच्या हातावर बसला. हाड मोडलं. त्यांना टांग्यात घातलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माझा डबा जिनावर राहिलाय, तेवढा दे." मी डबा दिला.

२३ ऑक्टोबर

नानांना काढलं.

मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर बोलले, "डोळे गेलेत तुमचे. लाइन चुकवलीत, बाईचा हात गेला." मला वाटलं नाना भांडतील. दोरीची गोष्ट सांगतील. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

स्टेशनावर ट्रंक मी नेली. धुळ्याला त्यांची लेक कुंदाबाई राहते, तिच्याकडं निघाले. चाळीसगावला गाडी बदलायची आहे, वय झालेलं. बाकावर बसल्यावर म्हणाले, "देवनी खोय सोडी ती खुशीमा नई रे. मना हातघाई काई चुकनं व्हई. तेनामुये मी काय बोलू?" चूक आपल्याच हातून झाली, असं ते धरून बसलेत.

मी म्हटलं, गाडी लेट असेल.

एवढंच म्हटलं मी.

२६ ऑक्टोबर, दिवाळी

जिन बंद. पहारेकरी आणि मी. बेबाचं पत्र आलं. माझी बहीण आता चौथीत आहे, मायचं सांगणं तीच लिहिते. "माय विचारते दादा दिवाळीत काय खातो." चुरमुरे खातो. पत्रात तिनं पणतीचं चित्र काढलंय.

नानांची तेलाची किटली आणि कानाला लावायचा पाना आता माझ्याकडं आहेत. किटलीच्या मुठीवर त्यांच्या बोटांचा खड्डा पडलाय, माझी बोटं त्यात बसत नाहीत.

शेंदराचा डबा खाटेखाली आहे. गिरणेवर जायला जमलं नाही. खरं तर आज जमलं असतं.

८ नोव्हेंबर

इंजिन आता कमी वेगानं चालवतात. रुई निम्मीसुद्धा निघत नाही. म्हणून मुंबईहून इंजिनेर बोलावलाय. चौधरीसाहेब, मूळ रावेरकडचे, केळीवाल्या घरातले. वय तिशीचं असेल. आल्या आल्या मॅनेजरसाहेबांनी त्यांना सगळं सांगायला घेतलं, म्हाताऱ्यानं लाइन कशी बिघडवली वगैरे. चौधरीसाहेब म्हणाले, "मला अजून काही सांगू नका. आधी बघू द्या." आणि हाताखाली एक माणूस मागितला. मी रिकामा दिसलो.

९ नोव्हेंबर

साहेबांची यंत्रं मुंबईलाच अडकलीत. मला वाटलं हे परत जाणार. तर म्हणाले, पुठ्ठा आण, कात्री आण, दौत आण.

पुठ्ठ्यावर त्यांनी एक लांब निमुळता त्रिकोण काढला. बुडाशी रुंद, टोकाशी सुई. लांबीवर आकडे घातले आणि पुठ्ठा बेअरिंगला चिकटवला. "इंजिन चालू झालं की बघ." चालू झालं. बेअरिंग हलतं म्हणून एकाचे दोन त्रिकोण दिसायला लागले, एकावर एक चढलेले. टोकाकडं ते अलग दिसतात, बुडाकडं मिसळतात. जिथं मिसळायला लागतात तिथला आकडा वाचायचा. तेवढं बेअरिंग हलतं. इंचाच्या हजाराव्या भागाला साहेब थाऊ म्हणतात. पूर्ण वेगात आकडा चाळीस.

शाईनं काढलेला त्रिकोण! सहा महिने मी त्या बेअरिंगला तेल घालतोय आणि ते किती हलतं हे मला पुठ्ठ्यानं सांगितलं.

साहेबांनी एक वही दिली. "वाचलास तो आकडा लिही. तुला काय वाटतं ते यात लिहायचं नाही." वाटतं ते मी इथं लिहितो.

११ नोव्हेंबर

आज करवतीचं पातं. पातं एका बाजूनं पक्कं आवळलं, मोकळ्या टोकाला नट बांधला आणि सगळं बेअरिंगच्या डोक्यावर बसवलं. साहेब पात्याची मोकळी लांबी थोडी थोडी कमी-जास्त करत होते. पातं गप्पच. कमी केली, गप्प. अजून कमी केली आणि एकदम पातं नाचायला लागलं, वीतभर! जरा पुढं सरकवलं, पुन्हा गप्प.

साहेब म्हणाले, "प्रत्येक पात्याची स्वतःची एक चाल असते. खालचा हिसका त्या चालीशी जुळला की ते नाचतं." मग घड्याळ लावून पात्याचे झोके मोजले आणि शाफ्टाचे फेरे मोजले. दोन्ही सारखे. म्हणजे शाफ्टाच्या प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. इंजिनाची चाल वेगळी, ते सुटलं.

माझी चाल कोणत्या गावाशी जुळते कोण जाणे. धुळ्याला गप्प, चाळीसगावला गप्प. इथं नाना होते तोवर बरं होतं.

१४ नोव्हेंबर

लाज वाटते पण लिहितो.

काल साहेब जेवताना म्हणाले, लाइन चुकली असेल तर वेग कमी केला तरी हलणं फारसं कमी होत नाही. चाकात एका बाजूला वजन जास्त असेल तर मात्र वेग निम्मा केला की हलणं चौथाईवर येतं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात बसलं की निम्म्या वेगाला आकडा लहान आला की नाना सुटले. आज पूर्ण वेगाला चाळीस, पाऊण वेगाला तेवीस, निम्म्या वेगाला बारा दिसले. मी बाराच्या जागी चार लिहिले.

साहेबांनी कागदावर तिन्ही ठिपके मांडले. रेघ ओढली. पेन्सिल तिसऱ्या ठिपक्यावर थांबली.

"हा कुठून आला? डोळ्यानं वाचलास की मनानं?"

मी वहीतले चार खोडून बारा लिहिले.

"कुणासाठी केलंस?"

"नानांसाठी."

साहेब रागावले नाहीत. केळं सोलून निम्मं मला दिलं. म्हणाले, "खरा आकडा लिहिला असतास तरी तुझे नाना सुटत होते. चौथाई म्हणजे दहा, तू वाचलेस बारा, पुरे होतं. चूक माझीही आहे, काय हवं ते मी तुला आधी सांगायला नको होतं. पण एक ध्यानात ठेव, त्यांच्या बाजूनं बोललेलं खोटं पण खोटंच. त्यानं पुढचं सगळं गणित वाकडं जातं."

त्यांना खंडेनवमीचं काही माहीत नाही. तरी मला वाटलं माहीत आहे.

१७ नोव्हेंबर

लाइन चुकलेली नाही, असं साहेबांनी ऑफिसात सांगितलं. मोठ्या पुलीची एक बाजू जड आहे. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "तीस वर्षांत आजच जड झाली?" साहेब म्हणाले, "तोच प्रश्न आहे. गेल्या हंगामानंतर काय बदललं?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, काही नाही.

मी चहाचे कप उचलत होतो.

१९ नोव्हेंबर

आज दिवसभर मजा आली, म्हणजे दुपारी चारपर्यंत.

पुलीला सहा आरे. चाक शाफ्टाला पक्कं धरणाऱ्या चावीची खाच आहे तिथून सुरू करून साहेबांनी खडूनं एक ते सहा आकडे घातले. हलकी बाजू कोणती ते शोधायची रीत अशी: एक शेर लोखंड घ्यायचं, पहिल्या आऱ्याच्या टोकाशी पक्कं बांधायचं, इंजिन चालू, त्रिकोणावरचा आकडा वाचायचा. बंद. सोडायचं, दुसऱ्या आऱ्याला बांधायचं, पुन्हा चालू. सहाही आऱ्यांना. जिथं आकडा सगळ्यात कमी येईल तिथं वजन कमी आहे, आपण घातलेलं लोखंड तिथली तूट भरून काढतंय असं समजायचं. साहेब वर उभे राहून आकडा मागायचे, मी खालून ओरडायचो. बायका वरून चेष्टा करत होत्या, "काय रे, भाजीचा भाव सांगतोस का?"

पहिला आरा छप्पन. दुसरा पन्नास. तिसरा छत्तीस. चौथा चोवीस. पाचवा चौतीस. सहावा एकोणपन्नास.

मी "चोवीस" इतक्या जोरात ओरडलो की घसा बसला. मग चौथ्या आऱ्यालाच वजन वाढवत गेलो. दोन शेराला आठ. अडीच शेराला दोन. अडीच शेराला मी बेअरिंगवर आणेली, एक आण्याचं नाणं, कडेवर उभी केली, आणि ती पडली नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मग लोखंड सोडायला मी कंदील घेऊन चाकाशी गेलो. बांधताना नजर फक्त खडूच्या आकड्यांवर होती. चौथ्या आऱ्यावर खंडेनवमीचा नवा शेंदूर आहे.

२४ नोव्हेंबर

चार दिवस लिहिलं नाही.

साहेबांनी अहवाल लिहायला घेतलाय. आज मॅनेजरसाहेब त्यांना म्हणत होते, "म्हणजे चाकावर अडीच शेराचं काहीतरी होतं आणि ते कुणीतरी काढलं. खाली जायचा कोण? गिरधर. पितळ-बितळ असेल, भंगारात विकलं असेल. असंच लिहा."

साहेब म्हणाले, "मी बघितलेलं लिहितो." मॅनेजरसाहेब म्हणाले, "मग माझ्या पत्रात मी लिहीन."

आधी नाना नुसते डोळे गेलेला म्हातारा होते. आता चोर होणार. आणि ते धुळ्याला बसून देवाची माफी मागत असतील.

मी सांगितलं तर इथून जावं लागेल. जाण्याचं मला काय, मी सगळीकडूनच गेलोय. पण आजवर निघालो ते कंटाळा आला म्हणून, कुणी तोंड बघू नये म्हणून नाही. कमलबाईंचा हात अजून गळ्यात आहे. काल त्या फाटकाशी आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तांब्या बसला का रे जागेवर?" मी म्हटलं, बसेल.

डबा खाटेखालून काढला. हातात धरून वजनाचा अंदाज घ्यायला लागलो आणि ठेवून दिला. अंदाज कशाला? काटा आहे.

२५ नोव्हेंबर

सकाळी डबा घेऊन ऑफिसात गेलो. मॅनेजरसाहेब आणि चौधरीसाहेब दोघंही होते. मी सरकीच्या नमुन्याचा तराजू ओढला, एका पारड्यात रिकामा डालड्याचा डबा ठेवला, दुसऱ्यात भरलेला. तोल येईतो रिकाम्याच्या पारड्यात वजनं घातली.

दोन शेर सहा छटाक.

"अडीच शेराला दोन छटाक कमी आहेत," मी म्हटलं. "तेवढी भुकटी खरवडताना खाली सांडली."

मग बठ्ठं सांगितलं. खुरपी, रॉकेल, नानांनी विचारलं ते, मी मान हलवली ते. बोलताना मी वहीतल्यासारखं बोललो, आधी हे, मग हे. वाटलं ते सांगितलं नाही.

चौधरीसाहेबांनी डब्यातला एक तुकडा उचलून हातावर तोलला. "शेंदूर म्हणजे शिसंच की. वर तेल. नळाचे सांधे बंद करायला मिस्त्री हेच वापरतात." ते उठून खिडकीशी गेले. परत आले. "आणि देव वर यायचा, म्हणालास?"

"आधी यायचा. मग सात-आठ वर्षं येईना. यंदा आला."

साहेब हसायला लागले, पण चेष्टेनं नाही. "पट्टा नसला की चाकाची हलकी बाजू वर येऊन थांबते. चाक मुळातच एका बाजूला हलकं ओतलेलं. हे लोक दरसाल नेमक्या त्याच बाजूला शेंदूर लावत गेले. ज्या साली पुरेसा झाला, त्या सालापासून देव वर येईना. चाक तोलात आलं होतं, मॅनेजरसाहेब. असा तोल बसवायला कारखान्यात दोन दिवस लागतात."

"यांना तीस वर्षं लागली," मॅनेजरसाहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "उद्यापासून सरकीच्या ढिगावर. किटलीला हात लावायचा नाही."

मला वाटलं होतं, फाटकाबाहेर काढतील. साहेब काहीतरी बोलले असणार. त्यांनी निरीक्षणाची वही माझ्यापुढं ठेवली. "शेवटची नोंद तुझ्या हातानं. खाली नाव." मी लिहिलं. खाली नावही घातलं.

२८ नोव्हेंबर, धुळे

रजा घेऊन आलो. पांझरेच्या पुलाजवळ कुंदाबाईंचं घर, दारात शेवग्याचं झाड. नाना ओट्यावर बसलेले. दाढी वाढलीय.

"अरे! अभिमन! बठ, बठ. कुंदा, पानी आन, मना पोऱ्या उना."

ते "मना पोऱ्या", माझा पोरगा, म्हणाले म्हणून सांगणं आणखी अवघड झालं. पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो, म्हणून थांबलो नाही.

नानांनी शेवग्याकडं तोंड फिरवलं.

"मंग देव वर नई उना?"

"हलकी बाजू वर आली, नाना."

"आनि खोय?"

"मी काढली. खुरपीनं."

मी डबा पुढं केला. त्यांनी एक जाड तुकडा काढून उन्हात धरला. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतात त्यात, एका वर्षाचा एक. ते नखानं एकेक थर मोजत होते. एका थरावर नख थांबलं. "कुंदा जलमनी ते साल," म्हणाले. आतून कुंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तीस वरीस मी काय करी ऱ्हायंतू मंग?"

"तोल बसवत होता. साहेबांनी तसं लिहिलंय, तुमचं नाव घालून. शेठनी परत बोलावलंय."

मला वाटलं हे ऐकून ते खूश होतील. त्यांनी तुकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं, डबा मांडीवर घेतला. मग माझ्याकडं न बघता, मॅनेजरसाहेबांशी बोलतात त्या जिनच्या मराठीत म्हणाले, "तुम्ही निघा आता. गाडी चुकेल तुमची."

गाडीला तीन तास होते. मी स्टेशनावर बसून हे लिहितोय. कुंदाबाईंनी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला, तो अजून सोडला नाही.

५ डिसेंबर

सरकीच्या ढिगावर दिवसभर फावडं. आवाज नाही, थरथर नाही. चौधरीसाहेब जाताना त्रिकोणाचा पुठ्ठा मला देऊन गेले. म्हणाले, मुंबईला ये, मला माणूस लागतो. मी म्हटलं येईन. पूर्वी असतं तर त्याच गाडीत बसलो असतो.

नाना आले नाहीत.

१० डिसेंबर

दुपारी ढिगावर होतो. पहारेकरी आला, "खाली बोलावलंय तुला."

बोळात गेलो तर चाक उभं, पट्टा उतरलेला, आणि नाना दाढी करून, टोपी घालून चाकाशी बसलेले. साहेबांनी जाण्यापूर्वी तात्पुरतं बांधलेलं लोखंड त्यांनी सोडून ठेवलं होतं. पत्र्याची एक चपटी पेटी केली होती, तिच्यात डब्यातला सगळा शेंदूर तेलात मळून ठासला होता, आणि दोन छटाकांची भर म्हणून शिशाचा एक तुकडा. पेटी चौथ्या आऱ्याला बोल्टनं आवळत होते. साहेबांना पत्र घालून त्यांनी विचारलं होतं म्हणे, चालेल का. साहेबांनी उत्तर दिलं, वजन ते वजन.

त्यांनी हात पुढं केला, मी पाना दिला. हात पुढं केला, मी वॉशर दिला. बोल्ट पक्का झाल्यावर त्यांनी चाकाला एक फेरा दिला. आम्ही दोघं बघत होतो. चाक मंद झालं, झुललं नाही, मागं आलं नाही. थांबलं तेव्हा चौथा आरा एका बाजूला, कुठंतरी, कशाच्याही वर नाही.

पट्टा चढवला. इंजिन पूर्ण वेगात. मी पुठ्ठा चिकटवून आकडा वाचला. "दोन," मी म्हटलं. नानांनी खिशातून आणेली काढली, बेअरिंगवर कडेवर उभी केली आणि कंबरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. इंजिनाच्या आवाजात ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. त्यांनी माझा कान धरून तोंडाजवळ ओढला.

"तुनं वजन कितलं शे रे?"

"माहीत नाही, नाना."

"जोखी ये. पुढला वरीस चाकले कमी पडनं ते तुलेच बांधसू आठे."

कान अजून लाल आहे. उद्या रुईच्या मोठ्या काट्यावर उभा राहून वजन करतो आणि नानांना सांगतो. काट्यावर दिसेल तोच आकडा वहीत लिहीन.